सुमतीकाकींच्या देवघरातला टिपर

पेडणे तालुक्यातल्या एका घरात सलग चार खंडेनवम्या एका लगामाची पूजा झाली. हळद-कुंकू, रोजांची, म्हणजे झेंडूची माळ, शेजारी नारळ. घरच्या सुमतीकाकी दर वेळी स्वतः वाकून त्याला नमस्कार करत, आजेसासऱ्यांच्या हातचा म्हणून. तो त्यांच्या आजेसासऱ्यांचा नव्हता. तो मी केलेला होता. डिचोलीत, मित्राच्या गॅरेजच्या मागच्या अंगणात, खाणीवरच्या एका टिपर-ट्रकच्या कमानपाट्यातून.

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. संपादकांनी ‘तुमच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहा’ असा निरोप पाठवला तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. मी बोलणारा माणूस नव्हे; दिवसभर घोड्यांशी बोलून झालं की घरी आल्यावर शिल्लक काही राहत नाही. पण मग वाटलं, गमती लिहायच्या आणि ही तेवढी गाळायची, म्हणजे पुन्हा तेच केल्यासारखं. तेव्हा ही लिहितो. वाटेत बाकीच्याही येतील.

धंदा काय तो आधी सांगतो. चोपड्याच्या बाजूला, नदीपासून हाकेच्या अंतरावर, बाबूशेटची घोड्यांची पागा आहे. किनाऱ्यावर पाहुण्यांना फिरवायला, लग्नाच्या वरातीला, कधी शूटिंगला, असे घोडे तिथून जातात. त्यातल्या कोवळ्या घोड्यांना तोंडात लगाम घ्यायला शिकवणं, हे माझं काम. घोड्यावर बसायला शिकवणारे वेगळे. मी त्याच्या आधीचा. माझं सगळं काम घोड्याच्या तोंडात.

लगाम म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे चामड्याचे पट्टे येतात. मी बोलतोय ते तोंडातल्या लोखंडाबद्दल. घोड्याचे पुढचे दात संपतात आणि मागच्या दाढा सुरू होतात, त्यांच्या मध्ये मोकळी हिरडी असते. देवाने जागा ठेवली आणि माणसाने तिथे लोखंड घातलं. त्या हिरडीवर किती जोर पडतो, यावर घोड्याचं पुढचं सगळं आयुष्य ठरतं. पहिल्यांदाच ते लोखंड बोचलं तर घोडा जन्मभर मान झटकत राहतो.

म्हणून शिंगराला आधी थांबायला नाही, चघळायला शिकवायचं. जुन्या लोकांनी त्यासाठी वेगळाच लगाम केला होता. मधल्या दांड्यावर तीन छोट्या लोखंडी चाव्या लोंबत असतात, बाळाच्या खुळखुळ्यासारख्या. शिंगरू जिभेने त्या चाव्यांशी खेळतं, तोंडाला पाणी सुटतं, ओलं तोंड मऊ राहतं. दोऱ्या-पट्टे काही नाहीत, ओढणारं कोणी नाही. रोज थोडा वेळ खेळ, मग काढून ठेवायचं. असे लगाम आता कोणी करत नाही. मिळाले तर जुन्या घरांच्या माळ्यावर नाही तर भंगारात.

मी मूळचा डिचोलीचा. खाणीच्या वर्कशॉपमध्ये वेल्डर होतो. खाण बंद पडली तेव्हा बाबूशेटच्या पागेची फाटकं जोडायला आलो आणि घोड्यांत अडकलो. वेल्डर असल्याचा पहिल्यांदा तोटाच झाला. आम्हा वर्कशॉपवाल्यांना गंज दिसला की हात शिवशिवतात. मी माळ्यांवरून गोळा केलेले सगळे जुने लगाम घासले, बफिंग मारलं, दोन तर पणजीला नेऊन क्रोम करून आणले. आरशासारखे! शिंगरांनी एकेक करून थुंकून टाकले.

त्या वेळी वास्कोहून एक गृहस्थ यायचे. जहाजावर इंजिनिअर होते, निवृत्तीनंतर हौसेने एक घोडा घेतला आणि आमच्याकडे ठेवला. त्यांनी माझा एक चकचकीत लगाम हातात घेतला, उलटसुलट केला आणि विचारलं, “गोविंद, तू घरी गुळाचा खडा कागदासकट खातोस काय?”

“नाही साहेब.”

“मग त्या पोराला ही स्टीलची कुलेर, हा चमचा, का चाटायला देतोस? गंज हीच त्याची चव. लोखंड थोडं गंजलं की गोड लागतं. समुद्रावर चाळीस वर्षं मी गंजाशी भांडलो रे, आणि तू त्याला फुकट घालवतोस.”

मला खरं वाटेना. घरी जाऊन मी एक गंजका खिळा स्वतः चाटून पाहिला. बायकोने बघितलं. तिने काही विचारलं नाही, फक्त दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचा नंबर काढून ठेवला. पण साहेब बरोबर होते. तेव्हापासून माझ्या शेडमध्ये पाण्याची एक बाल्दी असते आणि लगाम तिच्यात भिजत असतात. नवीन माणसं म्हणतात, ह्याला कामाचा कंटाळा दिसतोय, हत्यारं गंजवतोय.

जुने लगाम गोळा करण्यातही मजा होती. धारगळला एका गोठ्यात पोर्तुगीज अधिकाऱ्याच्या घोड्याचा लगाम मिळाला, त्याला रेडकू बांधलेलं होतं. मालक म्हणाला, “ह्या कडीन आमची तीन रेडकां वाढली. तुका दिली तर चौथ्याचा काय?” मी बाजारातून साखळी आणून दिली तेव्हा कडी सुटली. एका घरी लगाम चुलीवर सुंगटांची, म्हणजे कोळंबीची टोपली टांगायला वापरत होते. तो घोड्याच्या नाकाशी नेला की प्रत्येक घोडा मागे सरायचा. कितीही उकळला तरी वास गेला नाही. तो अजून माझ्या घरी आहे, टोपलीच टांगायला.

काटेरी लगामही खूप मिळाले. आतून दाते असलेले. घोड्याला वेदना देऊन थांबवायचे. ज्यांनी तो खुळखुळा केला त्यांच्याच शेजारच्या भट्टीवर हेही होत असणार. ते मी घोड्याच्या जवळपास येऊ देत नाही. पणजीच्या एका हॉटेलच्या सजावटीसाठी एक बाई आल्या होत्या, त्यांना नेमके तेच आवडले. “किती नाजूक काम आहे!” म्हणाल्या. सगळी पेटी देऊन टाकली. भिंत ही त्यांची बरोबर जागा.

आणि एक नवरदेव. तो हे वाचत असेल तर त्याची माफी. वरातीत लगाम मीच धरणार, असा त्याचा हट्ट. घोडीच्या तोंडाचा विचार करून मी दोऱ्या लगामाला न बांधता म्होरकीला, म्हणजे नुसत्या तोंडावरच्या दोरीला बांधल्या. तो देवळापर्यंत जिवाच्या आकांताने ओढत होता आणि घोडी माझ्या खिशातल्या गाजराच्या मागून चालत होती. उतरल्यावर तो मित्रांना म्हणाला, “घोडा तसा हट्टी होता, पण हात कळला की ऐकतो.” मी मान डोलावली.

आता चांदणी.

चांदणी दोन-अडीच वर्षांची घोडी, आई आधीच विकलेली. आमच्याकडे यायच्या आधी कोणीतरी तिच्या तोंडात काटेरी लगाम घातला होता. जिभेवर व्रण होता. लोखंडाचा आवाज आला तरी ती मागच्या पायांवर उभी राहायची. मी माझ्या बाल्दीतले सगळे लगाम लावून पाहिले. गूळ लावून, कापड गुंडाळून. एकही तोंडात टिकू देईना.

बाबूशेट वाईट माणूस नाही, पण त्याला घोड्यांचं खाणं विकत घ्यावं लागतं. तो म्हणाला, “गोविंद, दसऱ्याला बेळगावचा दलाल येतोय. घोडी तोंड देत असली तर ठेवू. नाही तर जाऊ दे तिला.”

“कुठे जाईल?”

“विटांच्या भट्टीवर माती ओढायला. तिथे लगाम विचारत नाहीत, काठी चालवतात.”

त्याच आठवड्यात मला सुमतीकाकींच्या घराबद्दल कळलं. त्यांच्या यजमानांचे आजोबा एका मोठ्या जमीनदाराकडे चाबूकस्वार होते, म्हणजे कोवळे घोडे तयार करणारे. माझाच धंदा, फक्त फेट्यासकट. काकी सत्तरीच्या पुढच्या, यजमान गेलेले, मुलगा वास्कोला बंदरात नोकरीला, घरी काकी आणि सून वैशाली. मी गेलो, नेहमीसारखं विचारलं, घोड्याचं काही जुनं लोखंड आहे का. काकींनी वर बोट केलं. देवघराच्या तुळईला, लाल फडक्यात बांधून, लगाम टांगलेला होता.

“विकूक नाय हां. पूजेचा आसा.”

“विकत नको काकी, बघायला द्या.”

त्यांनी वैशालीला स्टूल आणायला लावलं, पण लगाम स्वतःच काढला. फडकं सोडलं आणि मी पुढे वाकलो. तीन चाव्यांचा. चाव्या घासून घासून तांदळासारख्या गुळगुळीत झालेल्या. शेकडो शिंगरांच्या जिभा त्यांवर फिरल्या असणार. इतकं मऊ लोखंड मी वर्कशॉपमध्ये कधी पाहिलं नव्हतं.

मी चांदणीची गोष्ट सांगितली. काकींनी दलालाचं, बाबूशेटचं काही विचारलं नाही. एवढंच विचारलं, “तिची आवय खय आसा?”

“विकली काकी.”

त्यांनी चाव्यांवरून एकदा अंगठा फिरवला. मग लगाम फडक्यात पुन्हा गुंडाळला आणि माझ्या हातात दिला. “व्हर. पण नवमीक सकाळी हंय होयो. ह्या घरात मी न्हवरी होवन इल्यापासून एकय नवमी चुकूक नाय.”

चांदणीने तो घेतला. लगेच नाही. पहिल्यांदा तिने वास घेतला, मग ओठांनी उचलून पाहिलं, आणि एका दुपारी, मी तिच्या शेजारी काहीच न करता उभा असताना, चाव्या वाजल्या. बारीक, ओला आवाज. तिचे कान मागे-पुढे झाले. स्वतःच्या तोंडातून आवाज येतोय हे तिला नवल वाटत होतं. मी तिथेच शेणात बसलो. आनंदाने बसलो, हे लिहायला हरकत नाही.

पण नवमी तोंडावर आली होती. शिंगराने एकदा तोंड उघडलं की मध्ये खंड पडून चालत नाही. आणि चांदणीसारखीच्या बाबतीत तर नाहीच. दलाल दसऱ्याला, नवमी त्याच्या आदल्या दिवशी. लगाम काकींना दिला की काकींच्या घरच्या रीतीप्रमाणे तो पुन्हा तुळईला जाणार आणि पुढच्या नवमीपर्यंत त्याला कोणी हात लावणार नाही. खंडेनवमीला पूजलेलं हत्यार त्या दिवशी उचलायचं नाही हे सगळीकडेच आहे. ह्या लगामाचा नेम वर्षभराचा, कारण घरात घोडाच नव्हता.

काकींना जाऊन सांगता आलं असतं. ‘काकी, आणखी थोडे दिवस द्या.’ मी दोनदा स्कूटर काढली. एकदा पेट्रोल पंपापर्यंत गेलोही. पण त्यांनी एकच अट घातली होती आणि तीच मोडायला सांगायची माझी जीभ होईना. न सांगता मोडायला मात्र हात तयार होता. आम्हा मुखदुर्बळ माणसांचं हे असंच असतं: तोंडाचं काम हातावर ढकलतो.

डिचोलीला मित्राच्या गॅरेजमागे एक टिपर उभा होता. खाण बंद पडल्यापासून तिथेच. टपावर वेल चढलेली. त्याचा एक कमानपाटा काढला, भट्टी पेटवली, आणि काकींचा लगाम समोर ठेवून तसाच दुसरा घडवला. दांडा, दोन कड्या, तीन चाव्या. चाव्या घासून गुळगुळीत केल्या. मिठाच्या पाण्यात आणि शेणात मुरवला. मित्राने दोन्ही हातांत घेऊन पाहिले आणि विचारलं, “ह्यातला तुझा कुठला?” मी आयुष्यात केलेलं ते सगळ्यात चांगलं काम. हे लिहिताना आताही मला आतून बरं वाटतंय.

नवमीला सकाळी गेलो. अंगणात ट्रॅक्टरला माळ घातलेली, ओसरीवर पारई, कोयते, आदोळी म्हणजे विळी, वैशालीची शिलाई मशीन, सगळं ओळीने मांडलेलं. मधली पाटावरची जागा रिकामी. काकींनी लगाम हातात घेतला आणि थांबल्या.

“ह्या वर्सा जड लागता रे.”

मी उगाच नारळ पुढे सरकवला. तोंडातून आपोआप निघालं, “घोडीच्या तोंडात पाणी प्यायला असेल, काकी.”

काकी खळखळून हसल्या. “पाणी पिवन लोखंड जड जाता? माझोच हात म्हातारो झालो, आणि काय!” आणि त्यांनी टिपरला हळद-कुंकू वाहिलं. मला बाजूला बसवून खतखतं वाढलं. घरातल्या माणसाआधी माझं पान. “आमच्या आजेमांवाच्या धंद्याचो माणूस तो,” आजेसासऱ्यांच्या आठवणीने त्या वैशालीला सांगत होत्या. मी दोनदा वाढून घेतलं. नाही म्हणायला तोंड नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दलाल आला. चांदणी लगाम चघळत कावा फिरली, म्हणजे लांब दोरीवर गोल. दलाल रिकाम्या हाताने गेला. बाबूशेटने सगळ्यांना पाव-भाजी खिलवली.

इथवर असतं तर मी कदाचित रात्री शांत झोपलो असतो. घोडी वाचवायला खोटं केलं, संधी मिळताच बदलून ठेवीन, असं म्हणत आलो होतो. पण चांदणी दोन महिन्यांत साध्या लगामावर गेली. तिला त्या चाव्यांची गरज उरली नाही. गरज मला होती. पुढचं शिंगरू आलं, त्याच्या तोंडात तोच घातला. मग त्याच्या पुढचं. पेडण्यापासून डिचोलीपर्यंत लोक म्हणायला लागले, गोविंदच्या हाताला गुण आहे. गुण काकींच्या लोखंडाला होता. दर नवमीला मी खरा लगाम फडक्यात बांधून डिकीत घालून न्यायचो, संधी बघून बदलीन म्हणून. संधी नव्हती असं नाही. काकी पाण्याला उठत, वैशाली स्वयंपाकघरात असे. मी जेवून, नारळ घेऊन, खरा लगाम तसाच परत आणत होतो. चांदणीच्या नावावर मी हे खपवू शकत नाही. ती पहिल्या नवमीपुरती. पुढच्या तीन माझ्या.

गेल्या खंडेनवमीला जेवणं झाल्यावर काकींनी मला थांबवून दसऱ्याला पुन्हा यायला सांगितलं. पूजेतला लगाम सहसा दसरा झाल्यावर तुळईला जायचा. ह्या वेळी काकींनी तो, फडक्यासकट, माझ्या दोन्ही हातांवर ठेवला.

“हो तुझो.”

“काकी, काय करताय?”

“झिलाक बंदरातल्यो बोटी कळतत, घोडे कळनत नाय. माझ्या मागसून हो भंगारात जातलो. पूजा खूप झाली. आता घोड्याच्या तोंडात घाल.” मग जरा लाजल्यासारख्या म्हणाल्या, “एक मात्र कर. घातलस की माका बोलव. मी जन्मभर ह्येका हळद लायली, घोड्यान घेतलेलो कधी बघूक नाय.”

माझ्या हातात टिपरचा कमानपाटा होता आणि डोळ्यांत पाणी. काकींना वाटलं, उपकारांचं. “रडतस कित्याक रे पुता? घोडे बघतीत तर हसतीत.”

उन्हाळ्यात पागेत नवीन शिंगरू आलं, तपकिरी, कपाळावर पांढरा टिळा. काकींना बोलावलं. मुलाच्या गाडीतून वैशालीसोबत आल्या, ठेवणीतलं लुगडं नेसून. मी त्यांना सावलीत कदेल, म्हणजे खुर्ची दिली आणि शेडमध्ये गेलो. दोन्ही लगाम समोर. क्षणभर थांबलो, मग खरा उचलला. निदान तेवढं तरी.

शिंगराने लगाम तोंडात घेतला, जीभ फिरवली, चाव्या वाजल्या. काकी कदेलीवरून उठल्या.

“असो आवाज येता ह्येका?”

“होय, काकी.”

“आणि आमच्याकडे इतकी वर्सां मुकोच बसलो मगे!” त्या इतक्या जवळ गेल्या की शिंगराच्या तोंडाचा फेस त्यांच्या लुगड्याला लागला. वैशाली ओरडली, “आई, लुगडं!” काकी म्हणाल्या, “ऱ्हवांदे गो. आजेमांवाच्या लुंगेकय लागला आसतला.” शिंगराने चाव्या आणखी जोरात वाजवल्या आणि काकी लहान मुलीसारख्या हसत सुटल्या. पागेतले सगळेच हसायला लागले. मीही. इतकी सुखी दुपार त्या पागेत मी पाहिलेली नाही.

तेव्हा सांगायला हवं होतं. गाडीचं दार उघडून काकी बसेपर्यंत वेळ होता. मी दार लावलं.

आता खरा लगाम काकींनी मनाने दिलेला, म्हणून माझाच आहे, आणि खोटाही माझाच. खोटा माझ्या घरी आहे. बायकोने तो मोठ्या मानाने देवाजवळ टांगलाय. हा मजकूर संपादकांकडे गेला की दिवाळीपूर्वी छापून येईल, आणि त्या घरी हा अंक दरवर्षी येतो, वैशाली तो सासूला मोठ्याने वाचून दाखवते. छापून येणं म्हणजे सांगणं नव्हे, हे मला कळतं. काकींची फुलं चार नवम्या टिपरवर पडली आणि त्यांतल्या तीन चांदणीसाठी नव्हत्या, एवढं त्यांच्यासमोर बसून, माझ्या तोंडाने सांगायचं आहे. ते मी त्यांचं देणं लागतो, आणि अंक पेडण्याला पोचायच्या आधी.